पाणी वॉरंटीत बसत नाही

माझी लेक जनावरांची डॉक्टर आहे. आमचं घर सौंसरला आणि तिचं काम सौंसर-पांढुर्ण्याच्या मधल्या खेड्यांत. सुरुवातीची काही वर्षं ती स्कूटीवर फिरली. आमच्याकडची काळी माती ओली झाली की चाकाला अशी बसते की चाक फिरतच नाही. ती काडीने माती खरवडायची, थोडं पुढे जायची, पुन्हा उतरायची. एकदा ती औषधांची पेटी डोक्यावर घेऊन पायी घरी आली. स्कूटी कुणाच्या तरी गोठ्यात ठेवली होती. त्या दिवशी मीच म्हटलं, "बाई, आता गाडी पाह्य एखादी."

मला वाटलं होतं, एखादी लहानशी बंद गाडी घेईल, चार काचांची. तिने मात्र जीप पाहून ठेवली होती, चारही चाकांना जोर देणारी. पांढुर्ण्याच्या एका संत्रा-व्यापाऱ्याने ती हौसेने घेतली होती. डोंगरात फिरायचं त्याचं मन होतं, पण पाठीच्या दुखण्याने त्याला गाडीत बसवेना. जीप त्याच्या गोदामात संत्र्यांच्या रिकाम्या क्रेटांमध्ये झाकून उभी होती. कापड काढलं तर खाली अगदी नवीन.

"घेऊन जा न बाई," तो मला म्हणाला. "कंपनीची वॉरंटी बाकी आहे, वरून वाढीव बी घेतली आहे म्या. तुमाले काही पाहाच लागत नाही."

माझी सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीत गेली. 'काही पाहावं लागत नाही' असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. मी वॉरंटीचं पुस्तक मागून घेतलं. लेक म्हणाली, "आई, ते सगळ्या गाड्यांचं सारखंच असते." असेल. पण मला निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते, दुपारी वेळ जाता जात नव्हता, आणि तिचे वडील गेल्यापासून घरातल्या कागदपत्रांचं काम माझ्याकडेच होतं. मी ओसरीवर बसून ते इंग्रजी पुस्तक वाचलं. अडलेला शब्द मोबाइलवर पाहत होते. अर्धं कळलं. सौदा झाल्यावर उरलेलं अर्धं विचारायला आम्ही दोघी जीप घेऊन नागपूरला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो.

तिथे एक तिशीची मुलगी होती, गाड्या आत घेणारी आणि लोकांशी बोलणारी. निळा शर्ट, केस घट्ट बांधलेले. तिने टेबलावर काही समजावलं नाही. जीप वर उचलून घेतली आणि आम्हाला खाली नेलं. गाडीच्या पोटाखाली मी पहिल्यांदाच उभी राहिले. ती टॉर्च मारत सांगत गेली.

"काकू, हे इंजिन, हा गिअरबॉक्स. ही मधली पेटी, हिच्यातून चारही चाकांना जोर जाते. हा पुढचा गोळा, दोन चाकांच्या मधातला. यांच्यात बनवतानाच काही खोट राहून गेली असेल तर ती कंपनीची. वापरून घासून गेलं ते तुमचं. क्लच प्लेट घासते, ब्रेक घासते, वायपरचं रबर झिजते, ते नाही बसत. टायर टायरवाल्याचा, बॅटरी बॅटरीवाल्याची."

"आणि वाढीव वॉरंटी?" मी विचारलं.

"कंपनीची संपली की लगेच ती सुरू होते. पण ती हिची सख्खी बहीण नाही, चुलत समजा. तिच्यात जे भाग लिहिले आहेत तेवढेच मिळतात. सर्व्हिस वेळेवर पाहिजे. आणि गाडी विकली तर कंपनीची वॉरंटी गाडीसोबत जाते, वाढीव नाही जात. आरसीवर नाव बदललं की तिच्यावर बी बदलून घ्या. नाही तर गाडी तुमच्या दारात अन् वॉरंटी जुन्या मालकाच्या घरी."

ते आम्ही त्याच आठवड्यात करून घेतलं. व्यापारी सही करायला सौंसरला आला तेव्हा त्यालाही हे नवीन होतं. "असं आहे का बाप्पा," एवढंच तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

अडचण दिव्यांची आली. व्यापाऱ्याने हौसेने टपावर मोठे दिवे बसवून घेतले होते, आणि बसवणाऱ्याने कंपनीची वायर कापून जोड दिला होता. वर्कशॉपमधल्या मुलीने त्या पहिल्या दिवशीच तो जोड बोटाने दाखवला. "हे असं राहिलं तर उद्या वायरिंगमधलं काहीही बिघडलं तरी आम्ही नाही म्हणणार."

लेकीला ते दिवे पाहिजे होते. गोठ्यात वीज नसते, गाय कधीही विते. मी म्हटलं, दिवे काढा आणि वायर पहिल्यासारखी करा. तिने तिथे वाद घातला नाही. परतताना सावनेर आल्यावर म्हणाली, "आई, तू गाडी घेतली की वॉरंटी घेतली?"

पुढे तिने डोक्याला बांधायचा दिवा आणला, खाणीतले लोक लावतात तसा, आणि कामाला तोच बरा पडतो असं स्वतःच कबूल केलं.

निघण्याआधी त्या मुलीने आणखी एक विचारलं होतं. "भाड्याने तर नाही न चालवणार?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे," लेक म्हणाली.

"मग चालते. स्वतःच्या कामाले हरकत नाही. सवाऱ्या बसवून पैसे घेतले तर वॉरंटी जाते."

उन्हाळ्यात कंपनीची वॉरंटी संपली आणि वाढीव सुरू झाली. तो दिवस माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात नव्हता. जीप चालत होती. गावागावांत लोक तिला 'डॉक्टरीणबाईची गाडी' म्हणून ओळखायला लागले होते. मी बाजारात गेले तर ओळख नसलेले लोकही मला जनावरांची तब्येत सांगायचे.

पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. रविवार होता. विहारातली वंदना आटोपून आम्ही दोघी घरी येत होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. एका म्हशीचं पिल्लू अडलं होतं, पाय बाहेर आणि डोकं आत वळलेलं. लेकीने मला घरी सोडायला गाडी वळवली. मी म्हटलं, "मले काय सोडतं, सरळ चाल." पांढरी साडी नेसलेली मी, वर्षानुवर्षं शेताच्या रस्त्याने न गेलेली, पण त्या दिवशी मला जायचं होतं.

गावाच्या अलीकडे नाला लागतो. पाणी अर्ध्या चाकाच्याही खालीच होतं, मी उतरून गेले असते तर पोटऱ्याच भिजल्या असत्या. पण काठ चिखलाचा. लेकीने लहान दांडी ओढली, चारही चाकांना जोर द्यायची ती. दांडी सैल हलली, जशी तुटलेल्या पंपाची हलते. पुन्हा ओढली. काहीच धरलं नाही. तिने गाडी तशीच थोडी पुढे घेतली तर खालून, पुढच्या बाजूने, जात्यात खडा आल्यासारखा आवाज आला. मागची चाकं चिखलात नुसती फिरत राहिली. तिने इंजिन बंद केलं.

"आई, तू इथेच बस." पेटी घेतली, सलवार वर खोचली आणि ती पाण्यातून पलीकडे चालत गेली. एकदाही मागे पाहिलं नाही.

मी सीटवर बसून राहिले. मग आठवलं, वाढीव वॉरंटीसोबत रस्त्यावर मदतीचा नंबर आहे. लावला. पलीकडचा माणूस कुठल्या शहरात बसला होता कुणास ठाऊक. हिंदीत म्हणाला, "मॅडम, आसपास कोई होटल, पेट्रोल पंप?"

मी म्हटलं, "भैया, आसपास तूर है, कपाशी है और एक नाला है."

माणूस सज्जन होता, हसला नाही. त्याने सांगितलं, गाडी उचलणारा ट्रक डांबरी रस्त्यापर्यंतच येईल, तिथवर तुम्हाला आणावी लागेल. गिअर न्यूट्रलला ठेवा, हळू ओढा, झटका देऊ नका, आणि इंजिन चालू करू नका. आवाज ऐकून पुन्हा चालवली तर आतलं आणखी तुटेल आणि मग ते कुणाच्याच हिशेबात बसणार नाही.

लेकीने पलीकडून पाठवलेला म्हशीवाल्याचा भाऊ बैलजोडी घेऊन आला. बैलांच्या शिंगांवरचा पोळ्याचा रंग अजून पुरता गेला नव्हता. मी बाहेरून खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं, तो सांगेल तसं फिरवत गेले, आणि चिखलात साडीचे काठ काळे करत जीपच्या बाजूने चालले. डांबरी रस्ता आला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुमी बी शिकून घ्या आता."

थोड्या वेळाने लेक आली. कोपरापर्यंत हात धुतलेले, तरी ओढणीला रक्त. चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं काहीतरी. "वगार झाली," ती म्हणाली. "दोघीही ठीक आहेत." मग जीपकडे पाहून विचारलं, "हे कोणं आणलं इथपर्यंत?"

"म्या," मी म्हटलं. बैलवाल्याने बैलांच्या पाठीवर थाप मारली.

ट्रक जीप घेऊन गेला आणि आम्ही बसने घरी आलो. वर्कशॉपचा फोन आल्यावर पुन्हा बसनेच नागपूरला गेलो. त्या मुलीने जीप वर घेतलेली होती आणि खाली दोन तसराळ्यांत तेल काढून ठेवलं होतं. एकातलं मधाच्या रंगाचं, स्वच्छ. दुसऱ्यातलं गढूळ, जास्त दुधाच्या चहासारखं.

"हे मधल्या पेटीतलं," तिने स्वच्छ तेलाकडे बोट दाखवलं. "आतला काटा मोडला आहे. दांडी ओढली की हाच काटा गिअर सरकवतो." तिने मोडलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मोडलेल्या जागी लोखंडाच्या पोटात एक बारीक पोकळी दिसत होती, भाकरीच्या पापुद्र्याखाली असते तशी. "लोखंड ओततानाच राहिलेली खोट आहे. हा वाढीव वॉरंटीच्या यादीत आहे. हे आमचं."

"आणि हे?" लेकीने गढूळ तेलाकडे पाहिलं.

"हे पुढच्या गोळ्यातलं. पाणी गेलं आहे. बेअरिंग गंजून घासलं, तोच आवाज येत होता. वॉरंटीत पाणी नाही बसत मॅडम."

यासाठी तर मी पुस्तक वाचलं होतं. मी म्हटलं, "काऊन नाही बसत? तुमच्याच पुस्तकात लिहिलं आहे, ही गाडी इतक्या पाण्यातून जाऊ शकते म्हणून. चित्र काढलं आहे. त्या दिवशी तर त्याच्या निम्मंही पाणी नव्हतं, मी स्वतः होते."

"बरोबर आहे काकू," ती शांतपणे म्हणाली. "तेवढ्या पाण्यात आत थेंब जायला नाही पाहिजे. गेला असेल तर सीलमध्ये नाही तर हवेच्या नळीत दोष. मग मी तसं लिहून पाठवते, मिळून जाईल. म्हणूनच विचारून राहिली आहे. याच्या आधी कधी, चित्रातल्या रेघेच्या वरच्या पाण्यातून गाडी गेली होती का?"

"नाही," मी लगेच म्हटलं.

"हो," लेक म्हणाली. "गेली होती."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे न पाहता त्या मुलीला सांगत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पांढुर्णा आणि सावरगाव दोन्हीकडे गोटमारीची, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायच्या जत्रेची गर्दी, रस्ते अडवलेले. लेक त्या दिवशी आतल्या एका गावात बैलाची जखम शिवायला गेली होती. तिथे बांधावर गवत कापणाऱ्या एका बाईला साप चावला. पांढुर्ण्याकडे गाडी निघणं शक्य नव्हतं. सौंसरचा मोठा रस्ता दूर पडत होता, आणि मधला रस्ता नाल्यातून. वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला होता. बाईला तिच्या मुलाने मागच्या सीटवर धरलं, आणि लेकीने गाडी पाण्यात घातली.

"बोनेटवरून पाणी गेलं," ती म्हणाली. "मधात एकदा गाडी सरकली पण. पण बंद नाही पडली."

"आणि ती बाई?" वर्कशॉपमधल्या मुलीने विचारलं.

"वाचली. दवाखान्यात इंजेक्शन वेळेवर मिळालं."

मला त्या दिवसाची संध्याकाळ आठवली. गाडीतली पायपुसणी कंपाउंडच्या भिंतीवर वाळत होती. मी विचारलं तर म्हणाली होती, शेण सांडलं होतं आई, धुतली. मग जेवून झोपून गेली होती. मी तिच्या खोलीचा पंखा कमी करून आले होते.

त्या मुलीने पेन हातात धरून ठेवलं होतं. "मॅडम, हे मला लिहावं लागेल. आणि लिहिलं तर पुढचा गोळा नाही बसणार."

"लिहा न," लेक म्हणाली. "गाडी मीच घातली होती."

मुलीने लिहिलं. मग म्हणाली, "एक सांगू? खोल पाण्यातून काढली की त्याच आठवड्यात तेल पाहून घ्यायचं. पांढरं दिसलं तर फक्त तेल बदललं असतं तरी बेअरिंग वाचलं असतं. पाण्यानं लगेच काही होत नाही. पाणी आत राहते, आणि आपण गाडी चालवत राहतो, त्यानं होते." विम्याकडेही विचारून पाहा, असं तिने सुचवलं. आम्ही नंतर विचारलं. पाण्यातून काढल्यावर मधले सगळे दिवस गाडी तशीच चालवली, म्हणून त्यांनीही नाही म्हटलं. काटा वॉरंटीतून आला, बेअरिंगचं आम्ही भरलं.

वर्कशॉपच्या बाहेर चहाची टपरी होती. मी बाकावर बसले. मला राग आला होता, आणि तो बेअरिंगचा नव्हता. लेक दोन चहा घेऊन आली.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तू पुढच्या वेळी जाऊ दिलं नसतं."

"पुढच्या वेळी?"

"हो न आई," ती चहात पाहत म्हणाली. "पुढची वेळ तर येतेच."

मी चहा घेतला. रस्त्यावरून ट्रक जात होते. चहा संपल्यावर मी विचारलं, गाडी सरकली तेव्हा काय केलंस. तिने सांगितलं, "पाय ॲक्सिलरेटरवरून काढला नाही, बस. आत पाणी यायला लागलं होतं आणि मागे ती बाई 'माझा हात सोडू नको, सोडू नको' म्हणत होती. ती मुलाला सांगत होती, पण मला वाटलं मलाच सांगून राहिली." मी दोघींचे रिकामे पेले टपरीवर ठेवून आले.

जीप वर्कशॉपमध्येच होती तेव्हा एक दिवस ती बाई आमच्या घरी आली. मुलगा सोबत होता. डॉक्टरीणबाईची गाडी बिघडली, आणि ती आपल्याच पायी बिघडली, असं तिच्या कानावर गेलं होतं. माझ्याच वयाची, वाळकी, घोट्याजवळ कातडी अजून काळीनिळी. भुईमुगाच्या ओल्या शेंगांचं गाठोडं तिने ओसरीवर ठेवलं. ते दोघं खर्चाचं विचारायला आले होते. लेक म्हणाली, "खर्चाचं काही नाही. पाय दाखवा," आणि खाली बसून तिच्या घोट्यावर बोट दाबून पाहायला लागली. "मी जनावरांची डॉक्टर आहे, तरी सांगते, सूज उतरून राहिली आहे. पण दवाखान्यात दाखवत राहा."

बाई मला म्हणाली, "तुमच्या पोरीनं मले पाण्यातून काढलं जी. मी डोळे मिटून होती. पाणी दिसलंच नाही मले."

मी आत जाऊन चहा ठेवला. बाहेरून त्या तिघांचं बोलणं ऐकू येत होतं. तिच्या गाईचं काहीतरी चाललं होतं, दूध कमी देते म्हणून. मी चहात साखर घातली की नाही हे मला आठवेना, म्हणून पुन्हा घातली. तरी त्यांनी तो मुकाट्याने प्याला.

जीप आली. परतीचा पाऊस बरेच दिवस रेंगाळला त्या वर्षी. एका सकाळी लेकीला बकऱ्यांना लस टोचायला जायचं होतं, आणि मी पुन्हा सोबत निघाले. आता मी अधूनमधून जाते. वाटेतला ओढा फुगला होता. तिने गाडी काठावर उभी केली, उतरली आणि पाणी ज्यावरून उसळत होतं अशा एका बुडालेल्या दगडाकडे पाहत उभी राहिली. पलीकडून बकऱ्यांचा मालक हात हलवून बोलवत होता.

"दुपारून येतो!" ती ओरडली. "बकऱ्या बांधून ठेवा!"

ती येऊन बसली. मी डबा उघडला. पोळी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. आम्ही काच खाली करून जेवलो. ती मला लहान दांडी कशी टाकायची ते दाखवत होती आणि मी तिला सांगत होते की मला शिकायचं नाही. पाणी हळूहळू उतरत गेलं. दगडाची कड दिसली, मग अर्धा दगड. ती आणखी थांबली. सगळा दगड उघडा पडल्यावर तिने दांडी ओढली, आतून खट्ट असा आवाज आला, आणि जीप हळू पाण्यात उतरली. मी माझ्या पायांकडे पाहत होते. पायपुसणी कोरडी होती. पलीकडे एक बकरी सुटून तुरीत शिरली होती आणि मालक तिच्या मागे धावत होता.